घरी बियापासून वांगी लावायचीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत मी गेली अकरा वर्षं वांगी लावतेय, माहेर वाळवा तालुक्यातलं, कृष्णाकाठचं, म्हणजे वांगं हा आमच्याकडे जिव्हाळ्याचा विषय. मैत्रिणी, भावजय, सोसायटीतले काका, सगळे जुलै-ऑगस्ट आला की तेच तेच विचारतात, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढलं. आधी आपला प्रश्न शोधा, पण जमलं तर सगळं वाचा, कारण वांग्यात एका गोष्टीचा दुसरीशी फार संबंध असतो.

रोप नर्सरीत मिळतं की, मग बियापासून एवढा खटाटोप कशाला?

मिळतं, आणि घाई असेल तर खुशाल घ्या. पण नर्सरीत विचारून बघा की हे कुठल्या जातीचं वांगं आहे, बहुतेक वेळा उत्तर येतं "जांभळं". मला जांभळं नकोय हो, मला आमच्या रानात असायची तसली काटेरी हवीत, देठ धरला की बोटाला टोचणारी, तेलात परतली की लोण्यासारखी होणारी. ती रोपं शहरात मिळत नाहीत, त्यांचं बी मात्र गावाकडे कुणाच्या तरी कपाटात पुडीत बांधलेलं असतं. माझं पहिलं बी आत्यानं दिलेलं, कॅलेंडरच्या कागदाच्या पुडीत, आणि त्याच बियांची पिढी अजून माझ्याकडे चालू आहे. बियापासून लावायचं खरं कारण हेच, जात आपल्या हातात राहते. शिवाय पहिल्या पाच आठवड्यांत रोपाला काय मिळालं काय नाही हे आपल्याला माहीत असतं, पुढचे पाच-सहा महिने झाड कसं वागणार ते बरंचसं तिथेच ठरतं.

कुठली जात लावू?

आधी सांगा, खायचं काय आहे? भरली वांगी करायची तर लहान गोल, भरताला मोठं, कापांना जाड आणि कमी बियांचं. मांजरी गोटा ही आपल्या पुण्याजवळच्या मांजरीची जुनी जात, गोल, जांभळी, त्यावर पांढरट रेघा, भरल्या वांग्याला हिच्यासारखी नाही. वैशालीला झुपक्यानं वांगी लागतात, कुंडीत झाड छान दिसतं. पुसा पर्पल लाँग लांब वांग्यांची, नवख्या माणसाला सोपी, बी कुठेही मिळतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची कृष्णा आहे पण ती हायब्रीड, म्हणजे दरवेळी बी नवं घ्यायचं.

खानदेशातल्या मंडळींना मी काय सांगू, भरताचं वांगं म्हणजे जळगावचंच, हिरवट पांढरं, मोठं, आत बिया कमी. त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. कापसाच्या काड्यांवर भाजलेलं ते भरीत गॅसवर होत नाही हे मान्य, पण वांगं तरी घरचं असू द्या. गोव्यात आगशीची मोठी वांगी तशीच नावाजलेली, त्यांनाही मानांकन आहे. मोठ्या वांग्यांच्या जातींना कुंडीही मोठी लागते एवढं लक्षात ठेवा.

पाकीट घेताना काय बघू? आणि बी गुलाबी का असतं?

तारीख बघा, आणि उगवणशक्ती किती लिहिलीय ते बघा, वांग्याला किमान ७० टक्के असायला हवी. पाकिटावर एफ-वन किंवा संकरित लिहिलं असेल तर त्या झाडाचं बी पुढच्या वर्षी धरून उपयोग नाही, फळं भलतीच निघतात. गुलाबी, हिरवं, निळं असं रंगवलेलं बी म्हणजे त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, हात धुवा, मुलांच्या हातात देऊ नका, उरलेलं चिमण्यांना तर अजिबात टाकू नका. आणि मोठं पाकीट घेऊ नका, एका ग्रॅममध्ये साधारण दोनशे-अडीचशे बिया असतात, आपल्याला लागतात दहा-पंधरा.

दुकानातलं बी बीटी वांग्याचं असतं का?

नाही. बीटी म्हणजे अळीला तोंड देता यावं म्हणून जनुकांत बदल केलेलं वांगं. जालन्याच्या महिको कंपनीनं ते तयार केलं होतं पण फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारनं त्याला स्थगिती दिली आणि भारतात त्याच्या लागवडीला परवानगी मिळालेली नाही. बांगलादेशात २०१४ पासून शेतकरी ते लावतात. हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक "मग अळी का लागते" हे असतं, त्याचं उत्तर खाली मोठं लिहिलंय.

पेरायचं कधी?

महाराष्ट्रात तीन वेळा पेरता येतं. पावसाळ्यासाठी जूनमध्ये, हिवाळ्यासाठी ऑगस्ट ते सप्टेंबरअखेर, उन्हाळ्यासाठी जानेवारीच्या मध्यावर. तिन्हीतला हिवाळा सगळ्यात सोपा आणि चवीलाही तीच वांगी उत्तम, पहिल्यांदा लावत असाल तर दुसरा विचारच करू नका.

मी स्वतः तारीख चंपाषष्ठीवरून उलटी मोजते. खंडोबाच्या नैवेद्याला भरीत-रोडगा, तर ते भरीत घरच्या वांग्याचं व्हावं अशी माझी दरवर्षीची इच्छा. बी पेरल्यापासून रोप लावण्याजोगं व्हायला पाच आठवडे, तिथून पहिलं वांगं तोडेपर्यंत साधारण साठ ते सत्तर दिवस, म्हणजे एकूण शंभर-एकशे पाच दिवस धरा. चंपाषष्ठी नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरात कधीतरी येते, म्हणून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलं की बसतं. तेव्हा पाऊस असतो, त्यामुळे ट्रे छपराखाली किंवा खिडकीत, उघड्यावर नाही.

विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळी वांगी लावणार असाल तर एप्रिल-मेमध्ये दुपारची हिरवी जाळी लागणारच, पारा ३५ च्या फार वर गेला की फुलं टिकत नाहीत.

नेमकं पेरायचं कसं?

सीडलिंग ट्रे असेल तर उत्तम, नाहीतर कागदी कप, दह्याचे डबे, काहीही चालतं, फक्त खाली भोकं हवीत. त्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेलं गांडूळखत अर्धं-अर्धं. बागेतली माती नको, ती ट्रेमध्ये दगडासारखी बसते आणि बुरशीही घेऊन येते. ट्रायकोडर्माची (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) पावडर मिळाली तर चमचाभर मिसळा. कोकोपीट आधी भिजवून, मुठीत दाबल्यावर दोन-चार थेंब पडतील एवढं ओलं करून मग भरा, कोरडं भरून वरून पाणी घातलं की बी तरंगून एका कोपऱ्यात जमतं.

बी रात्रभर साध्या पाण्यात भिजवलं तरी चालतं, रंगवलेलं असेल तर भिजवू नका. एका खणात दोन बिया, अर्धा सेंटीमीटर खोल, म्हणजे बोटाच्या टोकानं जरासा खड्डा, बी, वरून चिमूटभर कोकोपीट, झालं. खोल पेरू नका, एवढंसं चपटं बी ते, त्याच्यात वर ढकलायची ताकद किती असणार. पाणी झारीनं नाही, स्प्रेनं. वर वर्तमानपत्र झाका आणि ट्रे घरातल्या उबदार जागी ठेवा. वांग्याला रुजायला २५ ते ३० अंश ऊब लागते, तेवढी मिळाली की सहा ते दहा दिवसांत उगवतं.

पाचव्या दिवसापासून रोज सकाळी कागद उचलून बघा, आणि पहिलं रोप दिसलं की त्याच दिवशी कागद कायमचा काढा. वर येताना ते आधी आकड्यासारखं वाकलेलं असतं, पांढरट-जांभळी मान, डोकं अजून कोकोपीटमध्ये, कधी कधी बियाचं टरफल टोपीसारखं पानांना चिकटलेलं असतं. ती टोपी ओढायची नाही, स्प्रे मारा, ओली होऊन आपोआप सुटते. त्या क्षणापासून त्याला उजेड हवा, भरपूर. दोन्ही बिया उगवल्या तर आठवड्याभरानं कमजोर रोप कात्रीनं कापा, उपटलं तर शेजारच्याची मुळं हलतात.

पंधरा दिवस झाले, काहीच उगवलं नाही.

तीनच कारणं असतात, बी जुनं, थंडी, किंवा पाणी जास्त होऊन बी कुजलं. डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नाशकात रात्री एवढा गारठा असतो की बी नुसतं पडून राहतं, तेव्हा ट्रे फ्रीजच्या वर ठेवा, तिथे थोडी ऊब असते. एक-दोन बिया उकरून बघा, बोटात दाबल्यावर टणक असेल तर थांबा, पिचकली तर नवीन पेरा. जुन्या बियाची शंका असली तर पेरण्याआधीच दहा बिया ओल्या टिश्यूत गुंडाळून डब्यात ठेवा, दहा दिवसांत किती मोडावतात ते मोजलं की कळतं, विषय संपला.

रात्री ठीक होती, सकाळी रोपं आडवी पडलीत!

ही मर. रोपाचं खोड मातीलगत बघा, दोऱ्यासारखं बारीक आणि ओलसर तपकिरी झालेलं असेल. बुरशीचं काम आहे आणि आडवं पडलेलं रोप पुन्हा उभं राहत नाही. माझी एका वर्षी चाळीस रोपं दोन दिवसांत गेली, आत्याच्या बियातली, सलग पाऊस होता आणि मी सवयीनं रोज पाणी घालत राहिले. फार वाईट वाटलं होतं. पुडीत तेवीस बिया उरल्या होत्या म्हणून जात वाचली. तेव्हापासून दोन नियम पाळते, एक म्हणजे सगळं बी कधीच एकदम पेरायचं नाही, आणि दुसरं, ट्रेचा वरचा थर फिकट दिसेपर्यंत पाणी नाही, घालायचं तेही सकाळी आणि ट्रेच्या खालून, ताटात पाणी ओतून पंधरा मिनिटं, उरलेलं फेकून. लागण दिसली की पडलेली रोपं लगेच काढा, बाकीची वाऱ्याला ठेवा.

रोपं उंच, बारीक, लटपटणारी झालीत.

ऊन कमी पडतंय. खिडकीत एकाच बाजूनं उजेड असेल तर ट्रे रोज फिरवा, आणि जमेल तितक्या लवकर सकाळचं कोवळं ऊन द्या, पहिल्या दिवशी तासभर, मग वाढवत न्या. दुपारच्या उन्हात एकदम काढून ठेवली तर पानं पांढरी पडतात.

मोठ्या कुंडीत कधी हलवू, आणि कुंडी केवढी?

चार ते सहा खरी पानं आली (पहिली दोन गुळगुळीत पानं धरायची नाहीत), उंची वीतभर होत आली, खोड जरा कडक लागलं की हलवा, साधारण पाचवा आठवडा. संध्याकाळी हलवा, पुढचे तीन-चार दिवस सावली करा.

कुंडीच्या बाबतीत बहुतेक लोक चुकतात आणि मग फळं येत नाहीत म्हणून बियाला नावं ठेवतात. वांग्याचं मूळ खोल जातं. एका झाडाला कमीत कमी पंधरा इंचाची कुंडी किंवा वीस लिटरची ग्रो बॅग, आणि एका कुंडीत एकच झाड, दोन लावायचा मोह होतो पण नको. जमिनीत लावत असाल तर दोन झाडांत अडीच फूट तरी ठेवा. भरायला एक भाग माती, एक भाग मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि दोन मुठी निंबोळी पेंड. लावतानाच बाजूला एक बांबूची काठी रोवून ठेवा, नंतर रोवली की मुळं तुटतात, आणि चार वांगी लागली की झाड वाकणारच आहे.

ऊन रोज सहा तास. त्याहून कमी ऊन असेल तर मी सरळ सांगते, वांगी लावू नका, अळू लावा, पालक लावा.

पाणी आणि खत किती?

बोट दोन पेरं मातीत खुपसा, कोरडं लागलं तर पाणी. हिवाळ्यात दिवसाआड पुरतं, एप्रिलमध्ये रोज, कधी दोनदा. वर वाळलेल्या पानांचा किंवा उसाच्या पाचटाचा थर घाला, फार फरक पडतो. खत दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत किंवा शेणाचं पातळ पाणी. झाड गर्द हिरवं, पानं हत्तीच्या कानाएवढी आणि फूल एकही नाही असं झालं असेल तर नत्र जास्त झालंय, महिनाभर खत बंद ठेवा.

फुलं भरपूर येतात पण गळून पडतात, काय करू?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि ह्याचं अर्धं उत्तर असं की काही फुलं गळायचीच असतात. वांग्याच्या एकाच झाडावर वेगवेगळी फुलं येतात. एक फूल हळूच वर करून बघा, मधोमध पिवळ्या परागकोशांची चुंबळ असते, तिच्यातून हिरवट दांडीचं टोक बाहेर डोकावत असेल, किंवा निदान चुंबळीच्या बरोबरीला असेल, तर त्या फुलाला वांगं धरू शकतं. टोक आत खोल लपलेलं असेल, दिसतच नसेल, तर ते फूल गळणार, त्याला कुणी काही करू शकत नाही. झाड अशक्त असलं, पाण्याची ओढ बसली की अशी आखूड दांडीची फुलं जास्त येतात. म्हणजे उपाय फुलावर करायचा नसून मुळाशी करायचा, खत-पाणी नियमित.

लांब दांडीची फुलंही गळत असतील तर परागीकरण होत नाहीये. वांग्याचा पराग मोकळा नसतो, परागकोशांच्या टोकाला बारीक छिद्रं असतात, मिठाच्या डबीसारखं हलवल्याशिवाय बाहेर येत नाही. हे काम भुंगा करतो, फुलाला लटकून गूंऽऽ असा आवाज काढतो ना, त्या थरथरीनं पराग सांडतो. सहाव्या-सातव्या मजल्यावर भुंगे कमी येतात, मग आपण करायचं, सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला फुलाच्या मागे देठावर बोटानं टिचकी मारायची, दोन-तीन दिवस, बस. बॅटरीवर चालणारा टूथब्रश देठाला टेकवला तरी होतं, माझी भाची असंच करते आणि तिला ह्या कामाची फार हौस आहे. एकाच फुलातल्या परागानं फळ धरतं त्यामुळे एकच झाड असलं तरी काळजी नाही. आणि गच्चीत तुळस, सब्जा, झेंडू ठेवा, भुंगे-माश्या यायला लागतात.

शेंडा अचानक मान टाकतो, वांग्याला भोक पडतं.

शेंडे आणि फळं पोखरणारी अळी. आपल्याकडे वांग्याचा सगळ्यात मोठा शत्रू हाच, त्यामुळे नीट वाचा.

सकाळी झाडाजवळ जा, सगळं झाड ताजं टवटवीत आणि एकच शेंडा खाली वाकलेला दिसेल. पाणी कमी पडलं असं वाटून लोक पाणी घालतात. तो शेंडा सुकलेल्या भागाच्या दोन बोटं खाली कापा आणि उभा चिरा, आत पोकळ झालेला असेल, काळपट विष्ठा आणि एक गुलाबीसर पांढरी अळी. हा शेंडा कुंडीत टाकायचा नाही, कंपोस्टमध्ये पण नाही, साबणाच्या पाण्यात बुडवायचा. फळं यायच्या आधी जितके शेंडे तुम्ही असे काढाल तितकी वांगी पुढे वाचतील, कारण हीच पिढी मोठी होऊन फळांवर येते.

वांग्यावर दिसणारं भोक अळी आत शिरल्याचं नसतं, बाहेर पडल्याचं असतं. शिरते ती अंड्यातून निघाल्या निघाल्या, बहुतेक देठाच्या टोपीखालून, सुईच्या टोकाएवढी, आणि ती वाट बुजून जाते. म्हणून बाहेरून चकचकीत दिसणारं वांगं चिरल्यावर किडकं निघतं. भोक पडलं की ती अळी केव्हाच खाली पालापाचोळ्यात कोषात गेलेली असते, त्यामुळे कुंडीतली गळलेली पानं उचलत राहणं आणि वरचा पाचटाचा थर अधूनमधून बदलणं हेही औषधच आहे.

बाकी मी काय करते, तर दर आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाचे चार थेंब, पानांच्या खालून वरून. कृषी केंद्रात ह्या अळीचा कामगंध सापळा मिळतो, आतली ल्यूर, म्हणजे मादी पतंगाच्या वासाची गोळी, वांग्याच्या अळीचीच मागून घ्या, नर पतंग त्या वासानं येऊन अडकतात. घरच्या चार झाडांना विषारी फवारणी मी करत नाही आणि करू नका असंच सांगेन, दहातली दोन वांगी किडली तर किडली, तेवढा भाग काढून बाकीचं खाता येतं.

पानांची चाळणी झालीय. / पानं एकदम बारीक बारीक येतायत.

चाळणी झाली असेल तर पान उलटं करा, पिवळे, काटेरी अंगाचे किडे पानाचा हिरवा भाग खरवडताना दिसतील. त्यांचा मोठा भुंगा दिसायला लेडीबर्डसारखा पण मळकट तांबूस आणि पाठीवर बरेच काळे ठिपके, अठ्ठावीस. चकचकीत लाल, कमी ठिपक्यांची असते ती आपली मैत्रीण, मावा खाते, तिला मारू नका. मळकटवाले हातानं वेचा, अंड्यांचे पिवळे पुंजके पानासकट काढा.

पानं बारीक, गुच्छासारखी, झाड झुडपासारखं दिसतंय आणि फूल नाही, तर तो पर्णगुच्छ, तुडतुड्यांमुळे पसरतो. त्याला औषध नाही, झाड उपटा, मन घट्ट करा, नाहीतर शेजारची पण जातील. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण ह्यांना निंबोळी तेल आणि पाण्याचा जोरदार फवारा पुरतो.

आम्ही रत्नागिरीत राहतो. चांगलं वांगी लागलेलं झाड दोन दिवसांत हिरवंच्या हिरवं कोमेजलं.

कोकणात आणि गोव्यात हे फार होतं, जिवाणूजन्य मर. पानं पिवळी न होता झाड माना टाकतं. खात्री करायची असेल तर खोडाचा बुंध्याकडचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात टोक बुडवून धरा, दोन-चार मिनिटांत कापलेल्या जागेतून दुधाळ धागे खाली उतरताना दिसले तर तीच. झाड वाचत नाही. जिवाणू मातीत वर्षानुवर्षं राहतो म्हणून त्या जागी वांगं, टोमॅटो, मिरची, बटाटा काहीच लावायचं नाही, ही सगळी एकाच कुळातली. कुंडीत नवी माती घेऊन लावा, किंवा बंगळुरूच्या भारतीय बागवानी संस्थेच्या अर्का निधी, अर्का केशव, अर्का नीलकंठ ह्या जाती बघा, त्या ह्या मरीला तोंड देतात. रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपंही आता मिळतात.

वांगी कडू का होतात? आत बियाच बिया?

तोडायला उशीर. वांगं कोवळं असतानाच खायचं फळ आहे, फळ धरल्यापासून साधारण तीन आठवड्यांत तोडायला येतं. चमक बघा, साल चकचकीत आहे तोवर वांगं चांगलं, चमक गेली की आत बिया कडक आणि तपकिरी व्हायला लागल्या. आकार वाढेल म्हणून थांबू नका, एक जून वांगं झाडावर राहिलं की पुढची फुलं थांबतात. पाण्याची ओढ बसली तरी कडवटपणा येतो. तोडताना कात्रीनं, देठासकट, ओढलं तर फांदी चिरते.

एका झाडाला किती येतील? नंतर झाडाचं काय करायचं?

माझ्याकडे कुंडीतल्या निरोगी झाडाला हंगामात दोन-तीन किलो निघतात. चार माणसांच्या घराला तीन-चार झाडं पुष्कळ. पाच-सहा महिन्यांनी झाड थकतं, वांगी लहान व्हायला लागतात, तेव्हा उपटायची घाई नको, खोड निरोगी असेल तर फूटभर ठेवून वरचं छाटा, दोन मुठी शेणखत द्या, पंधरा-वीस दिवसांत नवी फूट येते आणि दोनेक महिन्यांत पुन्हा वांगी.

आम्ही परदेशात आहोत, इकडून बी नेऊ का?

पर्समध्ये लपवून अजिबात नेऊ नका, बहुतेक देशांत कागदपत्रांशिवाय बी आणायला मनाई असते. तिकडेही लहान गोल भारतीय वांग्यांचं बी विकत मिळतं. जिथे बर्फ पडतो तिथे शेवटच्या गारठ्याच्या आठ-दहा आठवडे आधी घरात, हीट मॅटवर पेरा, आणि रात्रीचं तापमान सतत १२-१३ च्या वर राहायला लागल्याशिवाय बाहेर काढू नका. वांग्याला थंडी टोमॅटोपेक्षाही जास्त बाधते.

आमच्याकडे चातुर्मासात वांगं खात नाहीत, तेव्हा लागलेल्या वांग्यांचं काय करायचं?

कांदेनवमीला पोटभर भरीत खाऊन घ्या, आणि नंतर झाडावर जी लागतील त्यातली दोन-तीन बियासाठी राखा. आमच्याकडे हे असंच चालतं. सगळ्यात निरोगी झाड निवडा, अळी न लागलेलं, फळाचा आकार आपल्याला हवा तसा असलेलं, त्याच्या एका वांग्याला लाल दोरा बांधा म्हणजे घरातलं कुणी चुकून तोडणार नाही. शेजारी दुसऱ्या जातीची वांगी असतील तर भुंगे पराग इकडचा तिकडे करतात, म्हणून बियासाठीच्या फुलाला उमलायच्या आधीच पातळ कापडाची पिशवी बांधा, टिचकी बाहेरूनच मारायची, फळ धरलं की पिशवी काढून दोरा बांधायचा.

ते वांगं जांभळं राहत नाही, पिवळं-तपकिरी होतं, साल जाड होते, हाताला मऊ लागतं. तसं झाल्यावर तोडून आठवडाभर घरात ठेवा, मग चिरून गर पाण्यात कुस्करा. चांगलं बी तळाशी बसतं, पोकळ बी आणि गर वर तरंगतो तो ओतून टाका, तीन-चार पाणी बदला. पावसाळ्यात उन्हाची खात्री नाही, म्हणून स्टीलच्या ताटलीत पसरून पंख्याखाली, कागदावर नको, चिकटतं. रोज बोटांनी हलवायचं. आठ-दहा दिवसांनी बी सळसळ आवाज करायला लागलं, नखानं दाबलं तर दबत नाही, म्हणजे वाळलं.

ताजं काढलेलं बी लगेच पेरलं तर कधी कधी नीट उगवत नाही, दोन महिने पुडीत राहू द्या, ऑगस्टच्या पेरणीला मागच्या वर्षीचं घ्या. कागदाची पुडी, ती काचेच्या बरणीत, बरणीत चमचाभर कोरडे तांदूळ, कपाटात अंधाऱ्या जागी. तीन-चार वर्षं बी चांगलं राहतं. पुडीवर जात, कुणाकडून आलं ते आणि महिना-साल पेन्सिलीनं लिहा, शाई दमट हवेत पसरते, माझ्या बरणीत आत्ता "आत्या, काटेरी, ऑगस्ट" लिहिलेल्या पाच पुड्या आहेत, प्रत्येक वेगळ्या सालाची.